हॅसलविकची भांडी

“हा शब्द काढ, देवयानी,” सुमंतकाका म्हणाले. “मारकुटा. बाकी सगळं ठेव.”

“त्या एका शब्दासाठीच प्रस्तावना लिहिलीय मी, काका.”

टेबलावर लॅपटॉप उघडा होता. शेजारी चहा निवत होता. मित्राच्या पुस्तकाला त्याच्या मुलीची प्रस्तावना हवी म्हणून काका हर्नडनहून वेस्ट विंडसरला देवयानीच्या घरापर्यंत गाडी हाकत आले होते. ती अशी मिळेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आत स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती.

बाबांनी, म्हणजे त्र्यंबकरावांनी, नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवला आणि मनाने मात्र हॅसलविकमध्ये राहिले. हॅसलविक म्हणजे इंग्लंडातलं एक छोटंसं बाजाराचं गाव. विदर्भातल्या कापसाच्या गाठी तिथल्या गिरणीत जात, एवढंच निमित्त. जेवताना बाबा त्या गावच्या गोष्टी सांगत. मजुरांनी कुऱ्हाडींनी माग फोडले. मालकाचा हात दातेरी चाकात घालून चाक फिरवलं. मग घोडेस्वार आले, भर बाजारात तलवारी चालल्या, आणि मेंढ्यांच्या कोंडवाड्यात माणसांची प्रेतं रचली गेली. मागांच्या खडखडाटाने तिथले विणकर ऐन तिशीत बहिरे होत, हेही बाबा सांगत. त्यांचा स्वतःचा डावा कान कामातून गेलेला होता. “त्या गावचा रोग लागला मला,” म्हणून हसत.

देवयानीला त्या हसण्याची भीती वाटायची. कारण जेवणं आटोपली की भिंतीपलीकडून आवाज येई. फाडकन. मग काहीतरी फुटे. मग आईचा टाहो: “काय वेळ आणलीत माझ्यावर!” बाबांचा आवाज मात्र कधीच येत नसे. इतकं थंड डोकं माणसाला असू शकतं, याचाच तिला जास्त धसका बसला होता. सकाळी आईचे डोळे सुजलेले असत. बाबा मनगटापर्यंत बटणं लावून कॉलेजला निघत. नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा.

यंदा आई-बाबा नागपूरहून तिच्याकडे परदेशी राहायला आले, आणि बेसमेंटमधल्या खोलीतून तोच आवाज आला.

त्याच आठवड्यात तिने बाबांच्या हॅसलविकवरच्या पुस्तकाचं सहावं प्रकरण वाचलं होतं. हॅसलविकमध्ये एखाद्या घरात मारहाण होते असं कळलं, की शेजारीपाजारी तवे-पातेली घेऊन त्या दारापुढे जमत आणि मारणाऱ्याने तोंड दाखवेपर्यंत बडवत राहत. देवयानीने राधिका आणि हिमानी या मैत्रिणींना बोलावून घेतलं.

“यार, आर यू शुअर? तुझे बाबा आहेत ते,” जिना उतरताना हिमानी म्हणाली.

“माझ्या आईचा विचार कर,” देवयानी म्हणाली.

तिघींनी बंद दारापुढे स्टीलच्या थाळ्या बडवल्या. राधिकाच्या थाळीला पोचा आला. दार उघडलं. बाबांचा ओठ फुटला होता, हनुवटीवर रक्त होतं. आईने अखेर प्रतिकार केला म्हणायचा, असं देवयानीच्या मनात आलं आणि तिने हातातला डाव थाळीवर आणखी जोरात हाणला.

बाबांनी उजवा कान पुढे केला. “कोणासाठी गं हे, देवी?”

“तुमच्यासाठी, बाबा.”

त्यांनी मान हलवून दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते हर्नडनला सुमंतकाकांकडे निघून गेले आणि महिन्याभरात तिथेच झोपेत गेले. तेव्हापासून देवयानी ऑफिसच्या पार्किंगमध्ये काचा वर करून रडायची. रडून झालं की अशा माणसासाठी आपण रडलो, याची तिला चीड यायची.

“सहावं प्रकरण अर्धंच राहिलंय,” सुमंतकाका म्हणाले. “भांडी दोन प्रकारच्या घरांपुढे वाजत, असं सुरू करतो आणि एकाच प्रकाराबद्दल लिहून थांबतो. मी किती मागे लागलो. म्हणाला, दुसरं राहू दे.”

“एक पुरेसा आहे.”

“तू कधी डोळ्यांनी बघितलंस?”

“मधे भिंत होती. पण मी बहिरी नव्हते, काका.”

काकांनी चष्मा काढला. “पुस्तक छापलं गेलं, की त्याचं नाव म्हणजे हा शब्द. मग पुसता येणार नाही, पोरी.”

आई पदराला हात पुसत दारात आली. “लिहू द्या तिला, भावजी. मी काय काय सोसलं, ते कळू दे जगाला.”

काकांनी चष्मा पुन्हा चढवला. “देवी लिहील ते एक अक्षर न बदलता छाप, असं बजावून गेलाय तो मला,” ते देवयानीला म्हणाले. “पाठव.”

तिने सेंड दाबलं. काकांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी तो काढून पाहिला नाही.

त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर ती आत आली. छाती हलकी झाली होती. “संपलं, आई. आता तुझ्यावर कुणी हात उगारणार नाही.” काकांची कपबशी उचलून ती सिंककडे निघाली. कप आईने नागपूरहून कपड्यांत गुंडाळून आणलेल्या सेटमधला होता. तो बशीवरून घसरला आणि फरशीवर फुटला.

“असू दे, मी उचलते,” म्हणत देवयानी वळली, आणि आईचा उजवा हात पूर्ण ताकदीने तिच्या डाव्या कानावर बसला. फाडकन. मग पुन्हा तिथेच. ती ओट्यावर आदळली. कानात एक लांब शिट्टी वाजली आणि त्या बाजूचं जग बंद झालं.

उजव्या कानाने तिने आईचा टाहो ऐकला. “बघ, काय वेळ आणलीस माझ्यावर!”