काजळ्याचा रंग

पोलीस प्रशिक्षणाहून अकरा महिन्यांनी परतलेल्या ऊर्मिलाने दारातूनच हाक मारली, "काजळ्या!"

आतून एक चंदेरी कुत्रा शेपटी हलवत धावत आला. ती थबकली. तिचं पिल्लू तर कोळशासारखं काळं होतं.

"अण्णा, खरं सांगा. काजळ्या गेला ना? मला वाईट वाटू नये म्हणून दुसरा आणलात?"

"अगं, तोच आहे हा! वाढताना रंग पालटला त्याचा," म्हणत वडिलांनी एक वही पुढे केली. दर महिन्याला विंचरताना निघालेले केस त्यांनी तारखेसह चिकटवले होते. आधी काळेभोर, मग राखाडी, शेवटी चंदेरी.

"तुला त्याचं मोठं होणं बघता आलं नाही ना, म्हणून ठेवलं."

एरवी स्वतःचा चष्मा कुठे ठेवला हेही विसरणारे अण्णा! ऊर्मिलाने एकेक पान उलटून पाहिलं. एकही महिना सुटला नव्हता.