लिंबाचा डहाळा

तारापूरला वीजघराच्या बांधकामावर आलेल्या मजुरांच्या झोपड्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. वस्ती मोठी आणि लस थोडी, म्हणून देवी डॉक्टर, घरात देवी आल्याची खूण म्हणून लिंबाचा डहाळा टांगलेल्या दारापाशीच थांबायचा. तो अंगावर देवी आलेलं पोर माळावरच्या छपरात नेऊन ठेवायचा आणि घरातल्या बाकीच्यांना टोचायचा. आपल्या आजारी लेकीला, उषाला, नेऊ नये म्हणून सोजराबाईनं डहाळा लावलाच नव्हता. फोडणी दिली नाही, डोकं विंचरलं नाही. देवीचं बाकी सगळं पाळलं. शेजारच्या तानीची पोरं उषाच्या अंथरुणावर येऊन खेळायची. काल उषाला पुरलं. आज देवी डॉक्टर आल्याचं कानावर पडलं, तशी सोजराबाई उठली, डहाळा तोडून आणला आणि तानीच्या दारावर खोचू लागली. "आमच्या घरी देवी नाय आली, सोजराबाय," तानी तिचा हात धरत म्हणाली. "न्हाई आली," सोजराबाई म्हणाली. "म्हनून तर लावतीया."