लाल रंगातला शेरा

रिटायर होण्याच्या दिवशी मी नव्या इंजिनिअरला, मृण्मयीला, गोदाम दाखवत होतो.

"सर, या ड्रमांवर ‘टाकाऊ’ कुणी लिहिलंय?"

एकतीस वर्षं मी अणुभट्टीसाठी झिर्कोनियममधून हाफ्नियम काढून टाकलं. दोन्ही धातू जुळ्या भावांसारखे; आम्लात पुन्हा पुन्हा धुऊन त्यांना वेगळं करण्यात माझे केस गेले. निघालेल्या हाफ्नियमची पांढरी भुकटी मी ड्रममध्ये भरायचो आणि वर लाल रंगाने, झोकात, शेरा मारायचो.

"विमानाच्या इंजिनवाले हेच शोधत फिरतायत, सर. झिर्कोनियमपेक्षा कितीतरी महाग आहे हे!"

‘ऊ’ची ती ऐटबाज शेपटी माझ्याकडेच बघत होती.

"आहे एक शहाणा," मी म्हणालो. "आजच रिटायर होतोय. पेढा घे."