हर्षदाच्या चिंध्या

हर्षदाचा उत्प्रेरक पुन्हा मेला.

पॉलिस्टरच्या चिंध्या विरघळवून त्यांचा परत कच्चा माल करणारी ती पांढरी भुकटी. काम करून स्वतः शाबूत राहायचं, हा तिचा धर्म. कोऱ्या कापडावर ती इमानाने राबायची. चिंध्या पुढे आल्या की दुसऱ्याच खेपेला मान टाकायची. आणि सुरतेत कोरं कापड विरघळवून कोणाचं भलं होणार? ढीग पडलेत ते चिंध्यांचे.

"मळ सोसत नाही तिला," प्रयोगशाळेचे प्रमुख देसाई सर म्हणाले. "हा नाद सोड, हर्षदा. सोमवारपासून लोकेशच्या प्रयोगात हात दे."

सर माणूस चांगला, आवाजही चढवला नाही. त्यानेच तिला जास्त लागलं. एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती.

ती भर दुपारीच भेस्तानला घरी आली. एवढ्या लवकर ती कधी यायची नाही. मोरीत तिची आई, पुष्पाबाई बसली होती. गोदामात चिंध्या निवडणं हे पुष्पाबाईचं काम. लेकीच्या प्रयोगाच्या चिंध्याही तीच आणायची. त्याच चिंध्या आता ती साबण लावून खसाखसा घासत होती. मोरीभर फेस झाला होता.

"हाई काय करी राहिनी, माय?"

"दर खेपले धुईच देस मी." पुष्पाबाईने वर न बघता एक चिंधी पिळली. "तुना साहेब हातमा लेतीन. वास उना ते म्हनतीन, कोना घरनी पोर शे!"

हर्षदाने ती पिळलेली चिंधी बोटांत चोळली, तर ती अजून बुळबुळीत होती. साबण! धाग्यांत उरलेला साबण भुकटीचा जीव घेत होता. मळ बिचारा उगाच बदनाम झाला. तोंडाशी आलेला राग मात्र बाहेर पडेना. आईचे भिजून सुरकुतलेले हात बघून तिला भडभडून आलं. तिने तिथूनच सरांना फोन लावला.

"सर, दोष भुकटीचा नाही. चिंध्या साबणाने धुतलेल्या होत्या. एकदा मळक्यांवर करून बघू द्या."

सर हसले. "तू चिंध्या आणतेस तो पर्वत पाटियाच्या बाजारातला व्यापारी त्या धुऊन देतो? कशासाठी?"

हर्षदाने आईकडे पाहिलं. मग आईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"असा कोणी व्यापारी नाहीच, सर. मी खोटं सांगत आले. चिंध्या माझी आई निवडते."