पुलाअलीकडचं दुकान

"म्हणजे माझ्या दुकानाचा पत्ता कोणालाही दिसणार?" तिने दुसऱ्यांदा विचारलं.

खिडकीमागच्या कारकुनाने मान वर केली. कचेरीत त्याला सगळे सोपेराव म्हणत, कारण समोरच्याचं काम कितीही किचकट असो, "एकदम सोपं आहे" हे त्याचं पालुपद ठरलेलं. दोन्ही देशांनी मिळून ही ऑनलाइन जोडसेवा सुरू केल्यापासून तर ते खरंही होतं. सरहद्दीवरच्या पुलापलीकडच्या माणसाला अलीकडे दुकान थाटायचं, तर पूर्वी चपला झिजायच्या. आता चहा निवायच्या आत काम होत असे, आणि याचा सोपेरावला स्वतः पूल बांधल्यासारखा अभिमान होता.

"दुकानाचा पत्ता म्हटल्यावर दिसणारच, ताई. दोन्हीकडे कोणीही मोबाइलवर पाहू शकतो. का, काही अडचण?"

"अडचण नाही," ती म्हणाली आणि तिने डावा हात टेबलाखाली घेतला. त्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. दारात सापडली, असं तिने न विचारताच सांगितलं.

सोपेरावला दोन मुली होत्या. दारात सापडलेली बोटं कशी दिसतात ते त्याने पाहिलं होतं, आणि ही तशी नव्हती.

"घरचं कोणी त्रास देतं का?" त्याने आवाज खाली आणला.

"नवरा. शोधत असतो मला."

"इकडे आला तर?"

"इकडे तो पाऊल टाकत नाही. पुलाचं नाव काढलं तरी त्याची गाळण उडते."

म्हणून बिचारी इकडे आली, हे सोपेरावने ओळखलं. शिवणकामाचं दुकान ती बहिणीच्या जागेत काढणार होती. बहीण इथेच राहायची, काही वर्षांपूर्वी वारली.

"आजारी होत्या?"

"नाही. अचानक गेली."

सोपेराव म्हणाला, "धोका असेल त्याचा पत्ता झाकायची सोय आहे. मी झाकून टाकतो."

"राहू द्या. तुम्हाला कशाला जास्तीचा व्याप?"

"व्याप कसला? एकदम सोपं आहे."

ती पुन्हा "राहू द्या" म्हणाली. भिडस्त आहे, असं सोपेरावला वाटलं. त्याने पत्ता झाकला आणि तिचं दुकान त्याच दुपारी कायदेशीर झालं.

पुढे एकदा तो पँट आखूड करून घ्यायला तिच्याकडे गेला. "एवढ्याशा कामाला गावाला वळसा?" म्हणून बायकोने टोमणा मारलाच. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती मशीन उंबऱ्याशी ओढून, रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

"ताई, असं दारात बसत जाऊ नका. येणारे-जाणारे बघतात."

"इथे उजेड बरा पडतो, काका."

आतल्या खोलीच्या पडद्याआड कोणी पुरुष खोकला. भाडेकरू ठेवलाय, ती म्हणाली. चला, निदान हाकेला माणूस आहे, या विचाराने सोपेराव जरा निश्चिंत झाला.

पावसाळा संपता संपता एका सकाळी कचेरीतला फोन वाजला. पलीकडचा आवाज मोठा लाघवी होता.

"साहेब, एक नवं शिवणकामाचं दुकान शोधतोय. तुमच्या जोडसेवेत पत्ता दिसला, पण गल्ली सापडत नाही."

"एकदम सोपं आहे. पूल उतरलात का?"

"आत्ताच उतरलो."

"मग डावीकडे वळा. पाण्याच्या टाकीपासून तिसरी गल्ली. काय शिवायचंय?"

"शिवायचं कसलं, साहेब. बायको आहे माझी. न सांगता जाऊन तिला चकित करायचंय."

फोन ठेवल्यावर सोपेरावला दरदरून घाम फुटला. त्याने तिची नोंद उघडली. पत्ता ढळढळीत दिसत होता. आपण तेव्हा पत्ता झाकला, पण बदल जतन करायचं बटण दाबायला विसरलो असणार. आणि वर आत्ता आपल्याच तोंडाने कसायाला वाट दाखवली. तो उठला तो छत्री, डबा सगळं टाकून मागच्या बोळाने पळत सुटला. या वयात तो असा कधी पळाला नव्हता.

ती मशीनवरच होती. तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

"ताई, माझी चूक झाली. पत्ता उघडा राहिला. तो येतोय. मागच्या दाराने निघा, आधी निघा."

तिने दोरा तोडला. "पूल उतरला?"

"उतरला. आता टाकीपाशी आला असेल. अहो, बसून काय राहिलात?"

"तो स्वतः म्हणाला, उतरलो म्हणून?"

"स्वतः म्हणाला. मीच त्याला वाट सांगितली हो." सोपेरावच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिने सुई काढून रिळात खोचली आणि पडद्याकडे मान वळवली. "साहेब, आला तो."

पडदा सरकला. भाडेकरू बाहेर आला. त्याच्या कमरेला पिस्तूल होतं, मागे आणखी दोघे होते, आणि त्यांतल्या एकाच्या हातात बेड्या.

"तुम्ही पत्ता नीट झाकला होतात, काका, मागाहून मोबाइलवरून उघडला मी," ती सोपेरावला म्हणाली. "माझ्या बहिणीला याच खोलीत मारून तो पूल ओलांडून गेला, आणि तिकडचं सरकार त्याला काही केल्या इकडे देईना."