खुरावरची वळी

तांबडीचा पुढचा पाय तिनं मांडीत घेतला आणि तिचा हात थबकला. घोडीच्या खुराला नालच नव्हता.

तिनं दुसरा पाय उचलून पाहिला. मग मागचे दोन्ही. चारही खूर उघडे. नाल उपटायची पकड तिनं पिशवीतून मुद्दाम वर काढून ठेवली होती, वडिलांना दिसेल अशी. येताना बसमध्ये भांडणाची सगळी वाक्यं घोकून झाली होती. तीही आता फुकट गेली.

“नाल कुठे गेले?”

“पडले,” वडील दारातूनच म्हणाले. पागेत पाऊल टाकायचं नाव नाही. “मागच्या आठवड्यात.”

“चारही? एकदम?”

“चारही.”

घोडी काय चपला घालून फिरत होती, की कुठेतरी काढून ठेवल्या आणि विसरून आली? हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण वर्षभरानं बापाशी बोलायचं तर सुरुवात थट्टेनं करावी का, ते तिला कळेना. तिनं वाक्य गिळलं.

याच पागेत, शाळेच्या आधी, वडिलांनी तिला खूर वाचायला शिकवलं होतं. खूर नखासारखा वरून खाली वाढतो. वरचा भाग खाली जमिनीला टेकायला वर्ष जातं. मध्ये काही घडलं, घोडा आजारी पडला, उपाशी राहिला, की खुरावर आडवी वळी उमटते आणि वाढीबरोबर हळूहळू खाली सरकते. “वर्षभराचं सगळं इथे असतं,” ते म्हणायचे, आणि तिचं बोट धरून वळ्यांवरून फिरवायचे.

आणि याच पागेत, वर्षापूर्वी, गिऱ्हाइकांसमोर, तिनं तोंड उघडलं होतं. “खूर वाढतो, बाबा, लोखंड वाढत नाही. पाय टेकला की खूर पसरायला हवा. नालात तो जखडून जातो, टाचा आखडतात, खिळ्यांपासून चिरा जातात. आपल्या तांबडीचेच बघा ना.” वडिलांनी हातोडी ऐरणीवर आपटली होती. “याच नालांवर लहानाची मोठी झालीस. लाज वाटत असेल तर चालती हो.” ती चालती झाली. बापाचा हट्ट लेकीत पुरेपूर उतरलेला. दोघांपैकी एकानंही फोन केला नाही. ती गावोगावच्या पागांमध्ये खूर तासत हिंडली आणि भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवली.

परवा फोन आला. “तांबडी लंगडते. बघून जा.” एवढं बोलून त्यांनी ठेवूनही दिला. तिनंही मनाशी ठरवलं, खूर बघायचा आणि शेवटची बस गाठायची.

पागेत काही ठीक दिसत नव्हतं. भाता खुंटीला लटकलेला. ऐरणीवर धुळीचा थर. पूर्वी गिऱ्हाइकांसाठी बाक असायचा, तिथे आता एकच खुर्ची होती आणि तीही घोडीकडे तोंड करून.

“काम नसतं का हल्ली?”

“कंबर धरते.”

आपल्या तोंडामुळे बापाची गिऱ्हाइकं तुटली, असं तिला वाटलं. तिनं खूर उलटा केला.

लंगडण्याचं कारण समोरच होतं. तळवा खरवडून पातळ आणि सपाट केला होता, वर नाल बसवायचा असावा तसा. उघड्या खुराला तळव्याची जाडी लागते, कडेला गोलाई लागते. इथे जन्मभर नाल ठोकलेला हात होता. खूर उघडा राहणार हे ठाऊक असूनही तो हात नालासाठीच तासत राहिला होता.

“केवढं खरवडलंत! खडे टोचणार नाहीत का तिला?”

“हं,” म्हणून ते घरात निघून गेले.

तिनं कानस घेतली, कड गोल करायला वाकली आणि तशीच थांबली. खुराच्या भिंतीवर खिळ्यांची भोकं नव्हती. मागच्या आठवड्यात नाल पडला असता तर भोकं दिसायलाच हवी होती. खालच्या कडेपासून जेमतेम बोटभर वर एकच आडवी वळी होती. वळीच्या खाली खूर आखडलेला, चिरा गेलेला. वळीच्या वर तो रुंद होता, निकोप होता. एवढं खाली यायला वळीला वर्ष लागलं असणार.

म्हणजे ती घरातून गेली, त्याच सुमाराला चारही नाल उतरले होते. तिकडे ती एकटी धुमसत होती आणि इकडे हे एकटेच, कुणाला न विचारता, तिचं म्हणणं करून बघत होते. चुकत होते, पुन्हा करत होते. तिला रडू आलं. तिनं डोळे घोडीच्या पायाला पुसले.

मग तिनं खुरावरून तळहात फिरवला. चिरा सोडल्या तर सगळा खूर कानस मारून गुळगुळीत केलेला होता. वळी मात्र जशीच्या तशी. तिनं चारही पाय पुन्हा पाहिले. चारही खुरांवर तेच. अजून एकदोनदा तासलं असतं तर वळी निघून गेली असती.

वडील दोन कप चहा घेऊन पागेच्या आत आले. त्यातला एक तिचा होता, कान तुटलेला.

“बाबा,” ती मान वर न करता म्हणाली, “सगळीकडे कानस फिरवलीत आणि नेमकी ही वळी तेवढी राहिली?”

त्यांनी तिचा कप ऐरणीवरच्या धुळीत ठेवला.

“राहिली नाही,” ते म्हणाले. “ठेवली.”