सहावा ग्लास

पद्माकरने तिसरा ग्लास बाजूला सारला, जीभ साफ करायला पावाचा कोरडा तुकडा चघळला आणि स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे कान लावला.

आतून आवाज आला. पॉक्!

आधीच्या तीन बाटल्या उघडताना नुसतं 'फिस्स' झालं होतं. पत्र्याचं बूच ओपनरने काढलं की तेवढंच होतं. 'पॉक्' वाजतं ते तारेच्या कडीने दाबून बसवलेलं चिनी मातीचं बूच. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या या घरगुती बिअरवाल्यांच्या क्लबात तसल्या बाटल्या एकच माणूस वापरायचा. राजानंद.

फ्राऊ ल्यूडर्स ट्रे घेऊन आल्या. ग्लासावर चिठ्ठी होती: चार. नाव नाही, बाटली नाही. क्लबाचा नियमच तसा होता. या वर्षी सगळ्यांनी गव्हाची बिअर करायची होती. निम्म्या बाटल्या पद्माकरच्या टेबलावर, निम्म्या राजानंदच्या, आणि परीक्षकाची स्वतःची बाटली नेहमी दुसऱ्याच्या टेबलावर.

"सावकाश होऊ दे," फ्राऊ ल्यूडर्स म्हणाल्या. "घाईत काही कळत नाही."

त्यांनी चाळीस वर्षं लहान मुलांना गणित शिकवलं होतं. एखाद्याचं उत्तर पटलं नाही तरी त्या कधी रागावल्या नाहीत. वही परत देऊन म्हणायच्या, "पुन्हा एकदा कर बाळा." आता त्यांचं वय झालं होतं. मुख्य परीक्षकाचं काम त्या आज सोडणार होत्या आणि पुढचं नावही आजच सांगणार होत्या.

ते नाव आपलंच असणार, असं पद्माकर अकरा वर्षं धरून चालला होता. या क्लबाच्या बाटल्या त्याने धुतल्या होत्या, खुर्च्या उचलल्या होत्या. राजानंद आला तीन वर्षांपूर्वी, नागपूरहून, इथल्या संशोधन संस्थेत. आला आणि दुसऱ्याच वर्षी पहिला. सगळे त्याच्या खांद्यावर हात टाकून बोलायचे. पद्माकरच्या खांद्यावर कुणी हात टाकत नसे.

सकाळी सुरुवातीआधी राजानंद हसत म्हणाला होता, "दादा, माझी बाटली तुमच्याकडे आहे. हात जरा सैल सोडा."

"मला काय माहीत कुठली तुझी?"

"तेच तर! मलाही तुमची ओळखू येणार नाही. घाबरू नका."

घाबरू नका म्हणे.

पद्माकरने ग्लास नाकाजवळ नेला. केळं आणि लवंग, गव्हाच्या बिअरचे दोन्ही वास आपापल्या जागी. त्याने घोट घेतला. घोट इतका चांगला होता की त्याला मीनल आठवली. आज घरातून निघताना ती म्हणाली होती, "अहो, राजानंदभावजींकडे एखादी बाटली उरली तर मागून आणा ना. माझी आई येणार आहे. तिला चाखवू."

"आपल्या तळघरात तीस बाटल्या आहेत."

"आहेत हो," मीनल म्हणाली होती, आणि रिकामी पिशवी त्याच्या हातात दिली होती.

पद्माकरने पेन उचललं. 'वास: कच्च्या सफरचंदाचा. चव: पातळ. फेस: लगेच बसतो.' फेस अजून दोन बोटं उभा होता. त्याने तो ग्लास कडेला सरकवला आणि लिहिलं: पन्नासपैकी एकवीस.

मग पाणी प्यायला. तिकडे राजानंद आपल्या बिअरला याहून कमी देईल, असं त्याने मनाला समजावलं.

फिस्स. पाचवा ग्लास आला. जळकट, कडू. एकतीस दिले.

सहाव्याच्या वेळी आतून कसलाच आवाज आला नाही. नळ तेवढा वाहत होता. फ्राऊ ल्यूडर्स ग्लास ठेवून शांतपणे परत गेल्या.

हा ग्लास जरा जास्त गढूळ होता. पद्माकरला ते आवडलं. गव्हाची बिअर गढूळच हवी. पिकल्या केळ्याचा गोडवा, मागून लवंगेचा हलका चटका. राजानंदला खाली ठेवायचं तर कुणाला तरी वर चढवायलाच हवं होतं, आणि हा ग्लास खरोखरच त्या लायकीचा होता. त्याने मन मोठं करून लिहिलं: 'यीस्ट सुरेख. तोल उत्तम. आजची सर्वोत्तम बिअर.' शेहेचाळीस.

नंतर फ्राऊ ल्यूडर्स आतल्या खोलीत राजानंदच्या टेबलाकडे गेल्या. तासाभराने त्या बाहेर आल्या आणि पद्माकरच्या समोर बसल्या. चष्मा पुसला. हातात चार कागद होते.

"राजानंदचे दोन आधी बघ," त्या म्हणाल्या. "तिसरा ग्लास आणि सहावा."

पद्माकरने वाचलं. तिसऱ्याला एकोणचाळीस, सहाव्याला अडतीस. शेरेही जवळजवळ तेच. त्याला हसू आलं.

"खरं सांगू, फ्राऊ ल्यूडर्स? पोरगा करतो छान, पण पारख नाही त्याला. दोन बिअरमधला फरकच कळत नाही. परीक्षकाला तो कळायला हवा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "परीक्षकाला कळायला हवं."

मग त्यांनी पद्माकरचे दोन कागद शेजारी मांडले. चौथा: एकवीस. सहावा: शेहेचाळीस. दोन्ही कडा जुळवून सारख्या केल्या, एखाद्या मुलाची वही परत करावी तशा त्याच्याकडे सरकवल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या,

"पद्माकर, दोन्ही टेबलांना बाटल्या पाच पाचच होत्या."